अलावा डोंगरावरचे मास्तर

दक्षिण प्रशांत महासागरातील तुतुइला बेटावर पांगो पांगो नावाचे एक खोल बंदर आहे. (नकाशावर 'पागो पागो' दिसते, पण सामोअन लेखनात 'जी' या रोमन अक्षराचा उच्चार 'ङ' होतो, म्हणून मी असे लिहितो.) या बंदरावरून, एका तीरावरच्या टेकडीपासून समोरच्या तीरावरच्या अलावा डोंगरापर्यंत, एक पोलादी दोर टांगलेला होता. १७ एप्रिल १९८० रोजी अमेरिकन सामोआचा ध्वजदिन चालू असताना अमेरिकी नौदलाचे एक विमान या दोरात अडकले आणि बंदराकाठच्या रेनमेकर हॉटेलवर कोसळले. विमानातले सहा आणि जमिनीवरचे दोन, असे आठ जण गेले. आज या दुर्घटनेची हकिकत वाचताना तो दोर पर्यटकांच्या पाळण्याचा होता असे वाटते. पर्यटक त्या पाळण्यात बसत हे खरेच. पण १९६५ मध्ये तो बांधला गेला होता तंत्रज्ञांना डोंगरावर नेण्या-आणण्यासाठी. सुमारे १६०० फूट उंचीच्या अलावा डोंगरावर दूरचित्रवाणीचा मनोरा होता, आणि तो उभारण्याचा मूळ हेतू करमणूक हा नव्हता. बेटांवरच्या प्रत्येक मुलाला इंग्रजी यावे, हा होता.

गेली काही वर्षे मी एका वेगळ्या शाळेचा इतिहास गोळा करतो आहे. या शाळेत शिक्षक विद्यार्थ्यासमोर नसतो. तो टपालाने येतो, रेडिओतून बोलतो, पडद्यावर दिसतो, अलीकडे मोबाइलमध्ये राहतो. आणि पुष्कळदा तो इंग्रजीच शिकवत असतो. २०२०च्या टाळेबंदीत 'ऑनलाइन' हा शब्द घरोघरी पोचला, तेव्हा हे सारे जणू त्याच वर्षी जन्मले असे बोलले गेले. प्रत्यक्षात पाऊणशे वर्षे तरी हा उद्योग जगभर चालू होता.

आपल्याकडे हा विषय दूरचा नाही. जून २०००पासून महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. ज्यांनी स्वतः पाचवीत गेल्यावर ए-बी-सी-डी गिरवली, अशा हजारो गुरुजींवर आणि बाईंवर सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी बोलायला शिकवण्याची वेळ आली. मुले पुष्कळ, इंग्रजी सहज बोलणारे शिक्षक थोडे. या पेचावर वरून जे उत्तर येते ते कुठल्याही देशात साधारण एकच असते: चांगला शिक्षक शोधा, त्याला यंत्रावर बसवा, सगळीकडे पोचवा. हे उत्तर जगात सर्वांत पुरतेपणी, पैशाकडे फारसे न बघता, जिथे करून पाहिले गेले ती जागा म्हणजे अमेरिकन सामोआ. म्हणून आधी तिथे जरा मुक्काम करू.

सामोआ बेटांचा पूर्वेकडचा तुकडा १९०० साली अमेरिकेच्या ताब्यात आला. १९५१ पर्यंत तिथे नौदलाचा अंमल होता, मग कारभार अंतर्गत खात्याकडे गेला. १९६०च्या सुमारास सगळी वस्ती वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढी. मानववंशशास्त्राची आवड असलेल्यांना हा प्रदेश मार्गारेट मीड यांच्यामुळे माहीत असतो. १९२५-२६ मध्ये त्या इथल्या ताऊ बेटावर राहिल्या आणि १९२८ मध्ये 'कमिंग ऑफ एज इन सामोआ' प्रसिद्ध झाले.

हे लोक निरक्षर होते असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० मध्ये सामोआत उतरले. १८५५ पर्यंत संपूर्ण बायबल सामोअन भाषेत आले होते. गावोगावच्या पाद्रीशाळांत मुले मातृभाषेत वाचायला शिकत, आणि हे शिक्षण सरकारी शाळांपेक्षा कितीतरी जुने होते. सामोअन भाषेत बोलण्याच्या दोन तऱ्हा आहेत. प्रार्थनेत, शाळेत आणि लिहिताना जिथे 'त' येतो, तिथे घरात आणि बाजारात 'क' येतो. हा भेद तिथले मूल न शिकवता सांभाळते. भाषेची जाण नसलेली ही मुले नव्हती. अमेरिकी अधिकाऱ्यांना खटकत होते ते एवढेच, की ती जाण इंग्रजीत नव्हती.

जुलै १९६१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'मध्ये क्लॅरेन्स हॉल यांचा एक लेख आला. अमेरिकेने या बेटांची कशी आबाळ केली आहे, हे त्यात इतक्या झोंबणाऱ्या शब्दांत मांडले होते की वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. त्याच वर्षी अध्यक्ष केनेडी यांनी एच. रेक्स ली यांना गव्हर्नर नेमले होते. त्यांच्याआधी त्या खुर्चीवर पीटर टाली कोलमन हे सामोअन वंशाचे गृहस्थ होते; ते गेले आणि बाहेरून ली आले. ली कामाचे माणूस होते. रस्ते, इस्पितळ, विमानतळ हे सारे त्यांनी हाती घेतले. शाळांपाशी मात्र ते अडले. चारी बाजूंनी उघड्या 'फाले'त भरणाऱ्या गावशाळा, एकेका शिक्षकाकडे अनेक इयत्ता, आणि शिक्षकांचे स्वतःचे इंग्रजी अमेरिकी तपासनिसांच्या मते अगदी बेताचे.

त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. आहेत त्या शिक्षकांना नव्याने शिकवायचे. त्याला वर्षानुवर्षे लागली असती. सगळे शिक्षक मुख्य भूमीवरून आणायचे. ते परवडणारे नव्हते, आणि गावातल्या मास्तरांना घरी बसवणे ही गोष्ट सामोअन समाजात खपलीही नसती. तिसरी वाट म्हणजे थोडेसेच उत्तम शिक्षक आणायचे आणि दूरचित्रवाणीने त्यांना प्रत्येक वर्गात उभे करायचे. ली यांनी ही तिसरी वाट धरली. अमेरिकेतल्या शैक्षणिक प्रक्षेपकांच्या राष्ट्रीय संघटनेने पाहणी करून हिरवा कंदील दाखवला, काँग्रेसने पैसे दिले.

ऑक्टोबर १९६४ मध्ये प्रक्षेपण सुरू झाले. पुढे वाहिन्या सहापर्यंत गेल्या. हा आकडा जरा मनात घोळवून पाहावा: भारतात तेव्हा दिल्लीत एक प्रायोगिक केंद्र आठवड्यातून थोडा वेळ चालत होते, मुंबईला दूरदर्शन यायला आणखी आठ वर्षे होती, आणि वीस हजार वस्तीच्या बेटांवर शाळेसाठी सहा वाहिन्या! सव्वीस नव्या प्राथमिक शाळा बांधल्या गेल्या, फालेच्या धर्तीच्या. वर्गावर्गात संच आले. पांगो पांगोजवळच्या स्टुडिओत अमेरिकेहून आलेले शिक्षक कॅमेऱ्यासमोर धडा घेत. त्याच धड्याची छापील टिपणे आणि सरावाचे कागद आधीच गावोगाव पोचलेले असत. वर्गातल्या सामोअन शिक्षकाने मुलांना तयार करायचे, पडदा बोलत असताना लक्ष ठेवायचे, आणि पडदा बंद झाल्यावर टिपणात लिहिल्याप्रमाणे सराव घ्यायचा.

या रचनेत एक गोष्ट खरोखर दमदार होती, ती म्हणजे आवाज. सामोअन भाषेत जोडाक्षरे नाहीत आणि प्रत्येक शब्द स्वरात संपतो. त्यामुळे बाहेरचा शब्द त्या भाषेत शिरताना वितळतो: 'ख्राइस्ट'चे 'केरिसो' होते, 'डिसेंबर'चे 'तेसेमा'. आपल्याकडे उत्तरेत 'स्कूल'चे 'इस्कूल' होते त्याच जातीची ही अडचण, पण कितीतरी मोठी. शब्दाच्या शेवटी येणारे व्यंजन, दोन-तीन व्यंजनांचा गुच्छ हे पुस्तकातून शिकता येत नाही. ते कानावर पडावे लागते, पुन्हा पुन्हा पडावे लागते. ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या कानावर ते पडलेले नाही, त्याने ते कुठून द्यावे? इथे पडद्यावरचा शिक्षक हवाच होता. खालच्या इयत्तांतल्या तोंडी इंग्रजीच्या धड्यांबद्दल गावातले शिक्षकही समाधानी होते. दूरशिक्षणाची थट्टा करणाऱ्यांनी हा भाग सोडून देऊ नये.

ऑक्टोबर १९६६ मध्ये अध्यक्ष लिंडन जॉन्सन मनिला परिषदेला जाताना वाटेत तुतुइलावर उतरले. पत्नी लेडी बर्ड यांच्या सन्मानार्थ नाव दिलेल्या एका नव्या शाळेचे त्यांनी उद्घाटन केले. आता इथली मुले पूर्वीच्या दुप्पट वेगाने शिकतात, अशा अर्थाचे काहीतरी त्यांनी भाषणात सांगितले. वेग कशाने मोजला होता? प्रयोग सुरू होण्यापूर्वी मुलांना किती येत होते याची नीट चाचणी कोणी घेऊन ठेवलेली नव्हती. त्यामुळे नंतर किती फरक पडला हे ठामपणे सांगता येण्याची सोयच राहिली नाही. आपल्याकडच्या योजनांचे कागद वाचताना हीच उणीव मला इतक्या वेळा भेटली आहे, की सामोआत ती दिसल्यावर ओळखीचा माणूस परगावी भेटावा तसे झाले.

आता वर्गात जाऊ. प्रक्षेपण म्हणजे सगळ्या बेटांवर एकाच वेळी एकच धडा. तिसरीचे तोंडी इंग्रजी दहा वाजता म्हणजे दहा वाजता. एखाद्या गावात कालचा धडा मुलांना समजला नाही, पाऊस झाला, कोणाच्या घरी मृत्यू झाला, म्हणून धडा थांबणार नाही. टीव्हीवरच्या बाई प्रश्न विचारतात आणि क्षणभर थांबतात, मग 'छान!' म्हणून पुढे जातात. मुलाने उत्तर दिले की नाही, चूक दिले की बरोबर, याचा त्यांना पत्ता नाही. वर्गातल्या शिक्षकाला पत्ता आहे, पण त्याच्या हातात काही नाही. वीस वर्षे ज्याने गावातली मुले वाचती केली, तो आता संच चालू करणारा आणि कागद वाटणारा झाला. कुठली गोष्ट केव्हा शिकवायची हे तो ठरवत नाही, कशी शिकवायची हेही नाही. मुलांच्या ते लगेच लक्षात येते. खरे मास्तर डोंगरावरून बोलतात. हे आपले नुसते सांभाळणारे.

वरच्या इयत्तांत तर हे लवकरच असह्य झाले. लहान मुलाला गाणे, चित्र, पुनरुक्ती आवडते. हायस्कुलातल्या मुलाला शंका असतात, आणि शंका विचारायला समोर कोणी लागते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शिक्षकांची मते घेतली गेली, तेव्हा स्पष्ट दिसले की इयत्ता जसजशी वर जाते तसतशी टीव्हीबद्दलची नाराजी वाढते. दरम्यान शिक्षकही पहिल्यासारखे राहिले नव्हते. कोणी अमेरिकेत शिकून आले, कोणी सतत तेच धडे ऐकून स्वतःच इंग्रजीत तयार झाले. हा परिणाम योजनेच्या कागदावर नव्हता, आणि मला तर तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो: डोंगरावरच्या मास्तरांचे सर्वांत नियमित विद्यार्थी गावातले मास्तर होते. मुले दर जूनला वरच्या वर्गात जात. शिक्षक तोच धडा वर्षानुवर्षे ऐकत राहिले. पण तयार झालेल्या माणसाला ऐकत बसणे कसे रुचणार? हळूहळू शाळांना मुभा मिळाली, सक्तीचे धडे ऐच्छिक झाले, हायस्कुलातून टीव्ही जवळजवळ गेला. डोंगरावरचा मनोरा राहिला. संध्याकाळी त्यावरून अमेरिकी करमणुकीचे कार्यक्रम दिसत, आणि इंग्रजी कानावर पडण्याचे ते साधन शाळेच्या धड्यांपेक्षा कितीतरी लोकप्रिय होते. शिवाय हवाई आणि कॅलिफोर्नियाला जाणारी कुटुंबे, तिथून येणारे नातेवाईक. इंग्रजी पसरले, पण कुणामुळे किती, हा हिशोब लागत नाही.

ली यांनी सामोआ सोडल्यावर १९६८ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाचे सदस्य म्हणून काम केले. कोलमन १९७८ मध्ये परत आले, या वेळी लोकांनी निवडून दिलेले पहिले गव्हर्नर म्हणून. या प्रयोगाचा सविस्तर इतिहास १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने काढला, 'बोल्ड एक्सपेरिमेंट' या नावाने. संज्ञापनशास्त्राचे मोठे अभ्यासक विल्बर श्रॅम आणि लायल नेल्सन यांच्याबरोबर तिसरे नाव आहे मेरे बेथम यांचे. त्या स्वतः सामोअन, तिथल्या शिक्षण खात्यात जबाबदारीच्या पदावर काम केलेल्या. अशा पुस्तकांत ज्यांच्यावर प्रयोग होतो त्यांच्यापैकी कोणाचे नाव लेखक म्हणून फार क्वचित दिसते.

सामोआ बघून 'दूरशिक्षण फसले' असा निकाल देणे सोपे आहे. तो मला मान्य नाही, कारण त्याच काळात इतरत्र ते चांगले चाललेले दिसते. बीबीसीने १९४३ मध्ये 'इंग्लिश बाय रेडिओ' सुरू केले आणि जगभरातले लोक शॉर्टवेव्हच्या खरखरीतून ते ऐकत राहिले. १९७९ची 'फॉलो मी' ही साठ भागांची मालिका १९८२ पासून चीनच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली, तेव्हा ती तिथे सादर करणाऱ्या कॅथी फ्लॉवर या इंग्रज शिक्षिकेला चीनमध्ये रस्त्यात लोक ओळखू लागले. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत परकी भाषा शिकणे धोक्याचे होते. ते दार उघडताच भुकेले लोक पडद्यासमोर बसले. आपल्याकडे त्याहून साधे उदाहरण आहे. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने किती पिढ्यांना मास्तरावाचून इंग्रजी वाचायला शिकवले! उच्चार तिने दिले नाहीत, पण ज्याला अर्ज लिहायचा होता, कायदा वाचायचा होता, त्याचे काम तिने केले.

पण या तिन्ही ठिकाणी शिकणारा मोठा माणूस आहे, आणि तो आपल्या मर्जीने बसला आहे. कंटाळला तर रेडिओ बंद करतो, पान उलटतो, समजले नाही तर तोच धडा पुन्हा काढतो. सामोआतल्या तिसरीतल्या मुलाला यातले काहीच करता येत नव्हते. त्याच्या वतीने हे करू शकणारी एकच व्यक्ती वर्गात होती, आणि तिच्याकडून ते काढून घेतलेले होते.

हे ओळखून केलेले एक काम मला फार महत्त्वाचे वाटते. १९७४ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने निकाराग्वात रेडिओवरून प्राथमिक गणित शिकवायला सुरुवात केली. टीव्हीच्या मानाने रेडिओ अगदीच गरीब. पण या गटाने धडे लिहिण्याआधी वर्गात जाऊन मुले किती वेळात उत्तर देतात ते पाहिले, आणि ध्वनिफितीत बरोबर तेवढी शांतता ठेवली. प्रश्न, शांतता, मुलांचा एकमुखी आवाज, लगेच बरोबर उत्तर. पुन्हा प्रश्न. अर्ध्या तासात मुले गप्प बसतच नाहीत. धडा लिहायचा, वर्गात वाजवून पाहायचा, जिथे मुले अडखळली तिथे बदलायचा, अशी पद्धत. हेच तंत्र १९८०च्या दशकात केनियात इंग्रजीसाठी वापरले गेले: पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी रोज अर्ध्या तासाचा धडा, केनियाच्याच शिक्षण संस्थेतल्या लोकांच्या सहभागाने लिहिलेला. रेडिओ मुलांशी बोले आणि अधूनमधून शिक्षकाशीही: आता फळ्यावर हे लिहा, आता या ओळीतल्या मुलांना उभे करा. मुलांचे ऐकून समजणे स्पष्टपणे सुधारले.

मर्यादा तिथेही होतीच. रेडिओ विचारतो तो प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर एकच असेल, कारण उत्तर त्याने आधीच ध्वनिमुद्रित केलेले आहे. 'तुझे नाव काय' हे विचारता येत नाही, म्हणजे विचारता येते, पण पन्नास मुलांनी पन्नास नावे ओरडल्यावर रेडिओ म्हणणार 'छान!' भाषेचा खरा उपयोग जिथून सुरू होतो, दुसऱ्याला माहीत नसलेले सांगणे, तिथे हे यंत्र थांबते. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाचे ओठ नुसते हलतात, त्याला एकसुरात लपायला चांगली जागा मिळते.

महाराष्ट्रातही ही परंपरा पोचली. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी 'वुई लर्न इंग्लिश' ही रेडिओवरची संवादी मालिका केली. तिची विशेष गोष्ट म्हणजे ती मराठीला वर्गाबाहेर उभे करत नाही. सूचना मराठीत, ऐकायचे-बोलायचे इंग्रजीत. मूल गोंधळत नाही आणि बाईंनाही कमीपणा वाटत नाही. आपल्याकडच्या शिक्षणविषयक लेखनात या कामाची जितकी दखल घ्यायला हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

इथवर आपण मुलांना दुरून शिकवण्याबद्दल बोललो. दुसरी वाट आहे शिक्षकाला दुरून शिकवण्याची, आणि तिच्या इतिहासात एक गाठ पुन्हा पुन्हा लागते. हैदराबादला १९५८ मध्ये इंग्रजी अध्यापनाची केंद्रीय संस्था निघाली. देशभरच्या शिक्षकांना तिथे आणून ठेवणे अशक्य, म्हणून १९७०च्या दशकात तिने पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले. ध्वनिशास्त्र, व्याकरण, अध्यापनपद्धती टपालाने जाई. पण काही काळ प्रत्यक्ष हैदराबादला यावेच लागे. लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२ मध्ये परदेशी इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी एक छोटा वर्ग सुरू केला. त्यातूनच पुढे केंब्रिजचे 'सेल्टा' हे प्रमाणपत्र वाढले. आज त्याचा तात्त्विक भाग घरी बसून करता येतो. एक अट मात्र सुटलेली नाही: उमेदवाराने खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवले पाहिजे, आणि कोणीतरी ते बघत असले पाहिजे. महासाथीच्या काळात हा सराव पडद्यावरून करायला परवानगी मिळाली, पण तेव्हाही विद्यार्थी खरे होते आणि बघणाराही खरा. 'आठवड्याच्या शेवटी इंग्रजीचे शिक्षक व्हा आणि परदेशी जा' अशा जाहिराती आपल्या मुलांच्या मोबाइलवर हल्ली रोज येतात. पैसे भरण्याआधी एवढेच विचारावे, की मला शिकवताना कोण बघणार आहे?

बांगलादेशात २००८ ते २०१७ या काळात ब्रिटिश मदतीने 'इंग्लिश इन अ‍ॅक्शन' नावाचा प्रकल्प चालला. सामोआच्या नेमके उलटे त्यात दिसते. मोठ्यांसाठी बीबीसीने मोबाइलवरून तीन-तीन मिनिटांचे धडे दिले, ते प्रसिद्ध आहेत; मला अधिक रस शाळांच्या भागात आहे. शिक्षकांना साधे मोबाइल आणि लहानसे स्पीकर दिले गेले. त्यातल्या कार्डावर मुलांसाठी गाणी-संवाद होते आणि शिक्षकांसाठी चित्रफिती. त्या चित्रफितींत लंडनचे कोणी नव्हते. बांगलादेशातल्याच सरकारी शाळा, तसेच भरलेले वर्ग, तशीच लाकडी बाके, आणि तिथल्याच शिक्षिका इंग्रजी घेत आहेत. शेजारच्या उपजिल्ह्यातल्या एका बाईंना जे जमते ते मलाही जमेल, असे बघणाऱ्याला वाटावे अशी ती योजना. फोन शिक्षकाच्या खिशात, त्यामुळे केव्हा बघायचे, कुठे थांबायचे, काय वगळायचे, हे त्याच्या हातात. शाळेतल्या दोन शिक्षकांनी मिळून बघायचे आणि एकमेकांच्या वर्गात बसायचे, हेही योजनेत होते.

आपल्याकडे २०१५ नंतर डिजिटल शाळांची लाट आली. गावोगाव लोकवर्गणीतून टीव्हीसंच आले, आणि टाळेबंदीनंतर तर व्हिडिओंचा पूर लोटला. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी सलग तीन दिवस बसलो. तिसरीच्या बाई इंग्रजीचा व्हिडिओ लावत आणि दर अर्ध्या मिनिटाला थांबवत. पडद्यावरच्या मुलीने विचारलेला प्रश्न त्या वर्गातल्या एकेका मुलाला नावाने विचारत. 'अगं, तुझ्या घरी किती शेळ्या आहेत ते सांग, तिच्या नको.' मुलगी 'फोर गोट' म्हणाली. बाईंनी बोटे पुढे केली, चार वेळा 'गोट्स' म्हणवून घेतले, 'स' ऐकू येईपर्यंत. मग रिमोटचे बटण दाबले.

त्यांच्या टेबलावर एक दोनशे पानी वही होती. मी विचारल्यावर त्यांनी जरा संकोचाने उघडून दाखवली. डाव्या बाजूला व्हिडिओचे नाव, उजवीकडे मिनिटे आणि सेकंद, आणि पुढे तिथे थांबून काय करायचे: 'इथे सोनूला विचारणे', 'इथे मराठीत सांगणे', 'हा भाग गाळणे, मुलांना हसू येते'. तीन वर्षांच्या नोंदी होत्या. हे व्हिडिओ तयार करणाऱ्यांपैकी कोणी कधी विचारले का, असे मी म्हणालो. 'आम्हाला फक्त किती व्हिडिओ दाखवले त्याची माहिती भरायची असते,' त्या म्हणाल्या, आणि मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली म्हणून उठल्या. त्यांच्या परवानगीने त्या वहीतल्या अकरा पानांची मी नक्कल करून आणली आहे.